रुमालाखाली

आण्णा हळदीच्या सौद्यात बोटांनी बोलायचे.
रुमालाखाली दोन हात, वर चेहरा कोरा,
भोवती चाळीस माणसं, आणि कुणालाच भाव कळायचा नाही.
घरी आले की आई विचारायची, कितीला गेली?
आण्णा पाय धुवायचे.
पिवळं पाणी मोरीतून निघून जायचं.

रात्रीचे साडेअकरा. विश्रामबाग.
चेलनाच्या लॅपटॉपवर मी माझी फाईल उतरवून घेतेय.
मेसेजमधून लिंक आली होती, तिला हात लावला नाही.
पत्ता स्वतः टाइप केला, चष्मा पुसून,
चेकवर रक्कम अक्षरी लिहावी तसा.
ओटीपी आला. निळी पट्टी सरकायला लागली.
सात टक्के. अकरा टक्के.
शेजारच्या गच्चीवर कुणाचं तरी कुत्रं भुंकून थांबलं.

सहा लाख ओळी निघाल्या.
प्रत्येकीच्या टोकाला दोन अक्षरं: एजी, सीसी, टीटी.
त्रेपन्न वर्षं हा माल घेऊन फिरले
पावतीशिवाय.

मिरजेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
ही कच्ची फाईल आहे, हिच्यावरून निदान काढत बसू नका.
मला हसू आलं. हळदवाल्याच्या पोरीला सांगताय?
कच्ची कोण आणतं पेठेत,
शिजवून, वाळवून, घासून घेतल्याशिवाय.

‘मगदूम परिवार’वर भरतेशदादाचा मेसेज पडलाय:
टाक की ग्रुपवर. आपलं सगळ्यांचं रक्त एकच.

एकच आहे, म्हणूनच तर.
यातला अर्धा माल चेलनाचा,
जवळजवळ तेवढाच त्रिशलाक्काचा,
जी मिरजेत सहा केमो घेऊन आली
आणि वर्षभर डोक्याला रुमाल बांधून
लग्नांना जात राहिली.
ग्रुपवर सत्तेचाळीस माणसं.
त्यात विमा विकणारा एक जावई,
आणि चेलनासाठी स्थळं बघणाऱ्या दोन आत्या.

कुणी एक म्हणतो, अमुक साइटवर चढव,
पूर्वजांचा नकाशा फुकट मिळतो.
आण्णा म्हणायचे,
जो फुकट तोलून देतो, त्याचा काटा आधी बघ.

हरिपूरला हळदीची पेवं होती.
जमिनीत खोल, वरून मातीनं लिंपलेली.
उघडलं की लगेच उतरायचं नसतं.
दिवा सोडायचा दोरीला बांधून.
विझला, तर माणूस वरच थांबतो.
मीही फाईल लिंपून घेतली, पासवर्ड घालून.
डाउनलोडमधली पुसली, कचरापेटीतली पुसली,
एक प्रत पेनड्राइव्हवर,
पेनड्राइव्ह तिजोरीत, आण्णांच्या अडत्याच्या वहीखाली.

आणखी एक चौकट होती,
आधीच टिक करून ठेवलेली:
माझ्या रक्ताची माणसं मला दाखवा, मला त्यांना दाखवा.

आण्णा महिन्यातून एकदा तासगावला मुक्कामी जायचे.
बेदाण्याचा सौदा, म्हणायचे.
बेदाणा घरी कधी आला नाही.

मी टिक काढली.
परत लावली.
मग उठून पाणी प्यायले, आणि काढली.
तिकडे कुणी असेलच,
तर त्यालाही विचारायला हवं ना आधी.
एसटी जाते तासगावला. पाऊण तासाचा रस्ता.

मग अक्काला फोन लावला.
जागीच होती.
म्हटलं, डॉक्टरीणबाईंना पाठवायचीय, फक्त त्यांनाच,
पण तुझंही आहे यात. पाठवू?

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, पाठव.
आणि पासवर्ड?
तो वेगळा, उद्या, फोनवरूनच सांगणार, म्हटलं.

तेवढ्यात लक्षात आलं,
माझा डावा हात ओढणीखाली गेलाय,
आणि बोटं मोजतायत.